रिकामा डबा कुणी परत देत नाही

आक्का, तुमचा मोबाईल आता माझ्याकडे आहे. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच तुमची सून तो पदराला पुसत घेऊन आली. म्हणाली, "काकू, दिवसातनं धा फोन बचत गटाचे येत्यात. मी काय सांगू त्यान्ला? तुमीच ठिवा." मी ठेवून घेतला. पण तो वाजला की मला उचलवत नाही. पलीकडचा माणूस पहिला शब्द "कौसाबाई" असाच म्हणणार, आणि त्यावर मला काहीतरी बोलावं लागणार. चार दिवस तो पिठाच्या पिंपावर ठेवला होता. वाजला की मी उठून बाहेर जायची आणि शेळीला पाणी दाखवायची. शेळीला एवढ्या वेळा पाणी जन्मात कुणी दाखवलं नसेल.

बोलता येत नाही म्हणून लिहिते आहे. तुम्हाला लिहायची वेळ कधी आलीच नव्हती. आपल्या दोघी जावांच्या घरांत एकच भिंत. तुम्ही तिकडून हाक मारली की इकडे माझ्या तव्यावरची भाकरी थरथरायची. चौथीपर्यंत शिकले, त्याचा उपयोग गटाच्या बैठकीत कोण आलं, कोण नाही हे लिहिण्यापुरता. तेही तुम्हीच माझ्या गळ्यात घातलंत. "आमची इंदी चौथी शिकलीय, म्हंजी आमची कलेक्टरच हाय," असं म्हणून सगळ्या बायकांना हसवलंत आणि पेन माझ्या हातात दिलंत.

तुमच्या दहाव्याला मंडप होता, माईक होता. पुढारी बोलले. एकानं तुम्हाला रणरागिणी म्हटलं, दुसऱ्यानं माउली म्हटलं. तुम्ही असता तर म्हणाला असता, "एक कायतरी ठरवा बाबांनो." मग एकानं पुराच्या वेळची डब्यांची गोष्ट काढली. कौसाबाईंनी घरोघर जाऊन सर्व्हे केला, प्रत्येकाला काय हवं ते विचारलं आणि यादी केली, असं तो म्हणाला. मी मागे बायकांत बसले होते. शेजारी खालच्या वस्तीतली सखू होती. तिनं मला कोपरानं ढोसलं. "इंदूबाई, आसं न्हाई झालं. सांगा की उठून." मी मान खाली घातली. तेवढ्यात प्रवचन सुरू झालं आणि वेळ निघून गेली.

आता ती गोष्ट गावात तशीच राहील याची मला रुखरुख आहे. मोठेपणा कुणाला मिळाला, याचं मला काही नाही. पण गोष्ट चुकीची राहिली तर पुढच्या संकटात लोक चुकीचंच करतील. वह्या घेऊन दारोदार जातील, "काय पाहिजे?" म्हणून विचारतील, आणि प्रत्येक दारात "काय नको, समदं हाय" ऐकून परत येतील. आपल्याकडचं माणूस उपाशी असलं तरी दारात आलेल्याला दुसरं काही सांगत नाही. हे तुम्हाला माहीत, मला माहीत. तुम्ही गेलात, म्हणजे आता सांगणारं कोण उरलं ते तुम्हीच बघा.

तुम्हाला न बोललेलं ऐकू यायचं. माझं लग्न झालं त्या पहिल्याच वर्षी आपण ऊसतोडीला गेलो, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता; तुमचा एक, आमचा दुसरा. एका दुपारी माझ्या अंगात ताप होता आणि मी कुणाला सांगितलं नव्हतं. नव्या नवरीनं काय सांगायचं? तुम्ही मी बांधलेली उसाची मोळी उचललीत आणि ती तुमच्या हातात सुटली. मला वाटलं आता बोलणी बसणार. तुम्ही माझ्या कपाळाला हात लावलात, आणि मुकादमाकडे वळून असा आवाज चढवलात की शेजारच्या फडातली माणसं कोयते खाली ठेवून बघायला लागली. "पोरगी तापानं फणफणलीय आन् तू हिला मोळ्या वाहायला लावतो व्हय रं?" त्या दिवसापासून मी जरा जास्तच गप्प झाले. माझ्या वाटचं बोलायला तुम्ही होतात.

पुराच्या वेळी मात्र तुमच्याकडून चूक झाली. आपल्या सगळ्यांचीच ती चूक, पण मोठ्यानं तुम्ही केलीत.

आपल्याकडे पाणी येतं ते टँकरनं. ओढ्यानं येऊ शकतं हे गाव विसरलंच होतं. ओढ्यात पोरं क्रिकेट खेळायची. त्या वर्षी दोन दिवस पाऊस उघडला नाही आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळेला खालच्या वस्तीत पाणी शिरलं. माणसं वर शाळेत आली, सगळी वाचली. पण पाणी ओसरल्यावर घरी जाऊन बघतात तर चिखलाशिवाय काही नाही. पूल खचलेला, बाहेरून गाडी यायला वाट नाही. तुम्ही कुणाची वाट पाहिली नाहीत. गटाची लग्नाकार्याला द्यायची भांडी होती, ती मारुतीपुढे काढलीत. बायकांनी आपापल्या घरून पीठ आणलं. पिठलं-भाकरी झाली, आणि चाळीस स्टीलचे डबे, झाकणावर गटाचं नाव कोरलेले, भरून खाली गेले.

डबे परत आले नाहीत. दुसऱ्या दिवशी भाकरी तयार, आणि द्यायची कशात? फडक्यात बांधून दिली. तिसऱ्या दिवशीही तेच. वरच्या बायका कुजबुजायला लागल्या, डबे दाबले म्हणून. तुम्हीही चिडलात. "काय पोरीच्या रुखवतात मांडायचेत का त्यान्ला?" असं म्हणालात आणि मला आणायला पाठवलंत.

सखूच्या घरी गेले. भिंतीला छातीएवढ्या उंचीवर पाण्याची रेघ. खाली सगळा गाळ. पण कोनाड्यात आपला डबा, मातीनं घासून लख्ख केलेला, पालथा ठेवलेला. मी त्याकडे बघितलं, सखूनं माझ्याकडे बघितलं. "आज न्हाई बाई, उद्या देते," ती म्हणाली. दुसऱ्या घरी म्हणाले, आज मंगळवार आहे. तिसऱ्या घरी म्हणाले, अंघोळ करून आणून देतो. अंघोळीला पाणी कुठलं होतं त्यांच्याकडे?

मी रिकाम्या हातानं आले आणि तुमची बोलणी खाल्ली. दोन दिवसांनी दुपारी आपण दोघी पिठल्याचं पातेलं घासत होतो. मी म्हणाले, "आक्का, त्यांच्याकडं घालायला काय न्हाई."

"कशात?"

"डब्यात."

तुमचा हात थांबला. शेजारणीची वाटी परत करायची तर चिमूटभर साखर, एखादी मिरची, काही नाही तर चार शेंगा घालून करायची, हे आपल्याला आईच्या दुधाबरोबर शिकवलेलं. रिकामं भांडं परत देणं म्हणजे त्या घराचं वाईट चिंतणं. आणि आपण त्यांच्या दारात चाळीस डबे नेऊन ठेवले, ज्यांच्या घरात मिठाचा खडा उरला नव्हता. वर त्यांनाच चोर म्हटलं. तुम्ही पातेलं बाजूला सारलंत. मग म्हणालात, "दोन दिस झालं ह्या गोष्टीला. दोन दिस तोंडात काय बाजरी धरली व्हतीस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही खालच्या वस्तीच्या मधोमध उभ्या राहिलात आणि ओरडलात, "डबे रिकामे द्या! पाप लागलं तर मला लागंल!" कुणी हललं नाही. एका ओसरीवरून एक म्हातारा म्हणाला, "पाप तुमाला लागंल वो कौसाबाई, पन लाज आमाला वाटती ना." तुम्ही तशाच चढ चढून परत आलात. तुम्हाला मागे फिरताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्याच दुपारी गजराआजी काठी टेकत चढ चढून वर आली आणि डबा तुमच्यापुढे ठेवला. तुम्ही झाकण काढलंत. आत गोळ्यांचं रिकामं पाकीट. बायका हसल्या. "आजे, ह्यो कचरा कशाला गं घातला?" कुणीतरी म्हणालं.

"रिकामा कसा देऊ? हाताला येवढंच घावलं," आजी म्हणाली.

मी ते पाकीट हातात घेतलं. आपल्या सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचं होतं अगदी तसंच. दहाच्या दहा खळगे फुटलेले. मी तुमच्या कानात सांगितलं. तुम्ही आजीला विचारलंत, "गोळ्या कवा संपल्या?"

"संपत्यात कशाला, पान्यात गेल्या. ह्यातली शेवटची परवा खाल्ली."

"मग मागायच्या न्हाईत?"

"मागायला म्या काय भिकारी हाय?"

आणि आक्का, तेव्हा मी जे तुमच्या कानात बोलले ते मला अजून शब्दाला शब्द आठवतं, कारण इतकं लांब वाक्य मी तुमच्याशीही कधी बोलले नव्हते. मी म्हणाले, "समद्यान्ला हेच सांगू. डबा रिकामा देऊ नका, घरातलं जे संपलंय, जे गेलंय, त्याची खूण घालून द्या." तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. "म्हंजी मागायचं न्हाई. डबा भरूनच द्यायचा." मी मान हलवली. तुम्ही लुगड्याचा काष्टा घट्ट केलात आणि पुन्हा खाली गेलात.

दिवस मावळायच्या आत डबे यायला लागले. मी वही घेऊन बसले होते. काड्यापेटीचं भिजलेलं टरफल. कडब्याचं एक पेर, म्हणजे वैरण वाहून गेली. औषधाच्या बाटलीत गढूळ पाणी आलं, तेव्हा आपल्याला कळलं की वस्तीच्या आडात गाळ गेला आहे आणि लोक तेच गाळून पितात. एका डब्यात कोयत्याची नुसती मूठ होती. चार-सहा आठवड्यांत ऊसतोडीची गाडी दारात येणार आणि जोडीच्या हातात कोयता नाही, हे त्या माणसानं तोंडानं कधी सांगितलं नसतं. एका डब्यात परकराची नाडी होती, तिला एक गाठ. तो डबा मी चटकन झाकला आणि पदराखाली घेतला. वयात आलेल्या पोरींच्या महिन्याच्या कापडाचं होतं ते. तुम्ही विचारलंतही नाही, नुसतं म्हणालात, "ते तुझ्याकडं."

आणि एका डब्यात दगड! तुम्ही उखडलात. "मला दगूड? भाकरी खाऊन मला दगूड?" मी तो घेऊन त्या घरी गेले. बाई म्हणाली, चुलीचे तीन दगड होते, दोन वाहून गेले, एकटा राहून काय करणार, म्हणून दिला. तुम्हाला येऊन सांगितलं तेव्हा तुम्ही इतक्या हसलात की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते पाणी थांबेना.

पुलाशेजारी मुरूम टाकून वाट झाली, तेव्हा नगरच्या एका संस्थेचा फोन आला. भली माणसं होती. ताई, आमचे किट तयार आहेत, म्हणाली. तुम्ही म्हणालात, "किट आसू द्या दादा तिकडंच. मी सांगते ते लिव्हा. दगूड नको म्हना, चूल पाहिजे." आणि मी वहीतून हळू वाचत गेले, तुम्ही फोनवर मोठ्यानं सांगत गेलात. माझा आवाज, तुमचं तोंड. त्यांनी ऐकलं आणि तसंच आणलं, हे त्यांचं मोठेपण. आडात टाकायची पावडर, गोळ्या, कोयते, लोखंडी चुली, कापड. वस्तीतल्या एकाही माणसाला हात पसरावा लागला नाही.

मग तालुक्याचे साहेब आले, शाळेत सत्कार ठेवला. तुम्ही माईकवर म्हणालात, "ही डोकॅलिटी माझी न्हाई, माझ्या जावंची हाय. इंदे, हिकडं ये." मी त्या वेळी शाळेच्या स्वयंपाकखोलीत, तांदळाच्या पोत्यामागे उभी होते. तुम्ही तीन हाका मारल्यात. मी आले नाही. शाल तुमच्या खांद्यावर पडली, फोटो तुमचा निघाला.

घरी आल्यावर तुम्ही म्हणालात, "दुसऱ्याचं लुगडं नेसवून मिरवायला लावलंस मला." मी म्हणाले, "आक्का, खालची माणसं तरी कुठं बोलली? न बोलता त्यांचं कळलंच की." तुम्ही म्हणालात, "त्यांच्याकडं डबा व्हता. तुझ्याकडं काय हाय?" त्यानंतर आठ दिवस भिंतीपलीकडून हाक आली नाही. नवव्या दिवशी आली, ती लसूण मागायला. तो वाद आपण पुन्हा काढला नाही. मी उत्तर शोधत होते आणि तुम्हाला वाटत होतं, मी ऐकून सोडून दिलं.

शेवटी तुमचीच वाचा गेली. नगरच्या दवाखान्यात तुमच्या उशाशी बसले तेव्हा खोलीत एवढी शांतता मला सोसवेना. तुमच्या डोळ्यांवरून मला बरंच कळत होतं. डॉक्टर आले की तुम्हाला डोक्यावर पदर हवा असायचा, तो मी ओढून देत होते. सुनेला घरी पाठव म्हणत होतात, तेही कळलं. पण एक कळलं नाही. तुम्ही उजवा हात उचलून बोटं उघडत होतात, मिटत होतात. पाणी विचारलं, नाही. खिडकी विचारली, नाही. तुम्ही थकून हात खाली ठेवलात. तुम्हाला काय सांगायचं होतं त्याचा मी माझ्या परीनं अर्थ लावला आहे, 'आता तू तोंड उघड' असा, पण तो बरोबर आहे असं सांगायला आता तुम्ही नाही.

तुम्ही माझ्या वाटचं इतकी वर्षं बोललात त्याबद्दल मी तुम्हाला एकदाही काही म्हटलं नाही. जावेजावेत असं कोण म्हणतं? इथे लिहून ठेवते. तुमच्यामुळे मला भीती वाटायची, आणि तुमच्यामुळेच बाकी कशाची वाटायची नाही.

इथवर लिहून कागद ठेवून दिला होता, आता या आठवड्यातलं सांगते. ऊन फार आहे. टँकर सुरू झाला, पण तो वरच्या विहिरीत रिकामा होतो आणि खालच्या वस्तीनं चढ चढून पाणी न्यायचं. सोमवारी सखू आली. "काय न्हाई, सहज आले," म्हणाली, आणि तासभर बसली. कडेला रिकामा हंडा होता. तेवढ्यात तुमचा फोन वाजला. सखूनं फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला शेळीकडे जाता येईना, सखू दारातच बसली होती.

उचलला. "कौसाबाई का?" म्हणाले. मी म्हणाले, "त्या वारल्या. मी त्यांची जाऊ." पलीकडे ग्रामसेवक होते. वाईट झालं म्हणाले, मग म्हणाले, शुक्रवारी पाण्यासाठी ग्रामसभा आहे, गटातून कुणीतरी या.

गेले. सखू शेजारी होती म्हणून गेले. तिथे ग्रामसेवक म्हणाले, कौसाबाईंनी पुरात केला होता तसा आपण पाण्याचा घरोघर सर्व्हे करू. सगळ्यांनी माना हलवल्या. मी कधी उभी राहिले ते मला कळलं नाही. म्हणाले, "तवा सर्व्हे झाला नव्हता."

"मोठ्यानं बोला बाई, मागं ऐकू येईना," सरपंच म्हणाले.

मी पुन्हा म्हणाले. मग डब्यांचं सगळं सांगितलं, जसं झालं तसं. तुमची चूकही सांगितली, रागावू नका. शेवटी म्हणाले, "इचारायला जाऊ नका, पानी हाय म्हनतील. वस्तीत जाऊन दारापुढचे हंडे बघा. किती पालथे हायेत ते बघा." कुणी हसलं नाही. सरपंचांनी ग्रामसेवकाला विचारलं, "खाली टँकर उतरतो का?" आणि दुसऱ्या दिवशी दोघं स्वतः वस्तीत जाऊन आले.

आज सकाळी टँकर खालच्या वस्तीत उतरला. बायका हंडे घेऊन धावल्या, कुणी पुढं, कुणी मागं, भांडणाची वेळ आली. ड्रायव्हर खाली उतरला आणि वैतागून म्हणाला, "अरं इथं गटाच्या बाई कोन हायेत? पहिला पाईप कुठं लावू?" सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी मागे वळून पाहिलं, तुम्ही आलात असं वाटून. मागे एक बाभळ होती आणि तिच्या सावलीत गजराआजी आपलं पिंप धरून बसली होती.

"मीच," मी म्हणाले. "पाईप हिकडं आना. आधी आजीचं पिंप."